टीडीएस 410, तरीही मुळे जळाली

मागच्या नोंदीत व्हँडा या ऑर्किडच्या मुळांची हिरवी टोके एकामागून एक तपकिरी पडून थांबत असल्याचे लिहिले होते आणि त्याचा दोष मार्चच्या उन्हाला दिला होता. तो दोष आज मागे घेतो. ऊन निर्दोष आहे, बुरशीही निर्दोष आहे आणि ज्या 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात) खताला मी सहा आठवडे वनवासात पाठवले होते, त्याचा अपराधही अर्धाच आहे. खरा गुन्हेगार पाणी निघाले. मी तीन वर्षे रोज सकाळी टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला मिलिग्रॅममध्ये दाखवणारा, मीटर बुडवून ज्याचा आकडा वहीत लिहीत आलो, तेच हे पाणी.

ज्यांनी आधीच्या नोंदी वाचल्या आहेत त्यांना माझा ठरलेला मेळ ठाऊक आहे. नळाला येते ते बोअरचे पाणी, टीडीएस 400 ते 420. त्यात निम्मे आरओचे, टीडीएस 70. मिश्रण 240 च्या आसपास. पुण्याच्या पूर्वेकडील आमच्या भागात काळ्या पाषाणातून उपसलेले हे पाणी जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचे असते, पण या निम्म्या-निम्म्या मेळावर फॅलेनॉप्सिस ऑर्किड फुलले, डेंड्रोबियम ऑर्किडला पिल्ले आली आणि व्हँडाने एका पावसाळ्यात अकरा नवी मुळे सोडली. फेब्रुवारीपासून मात्र सगळे बिघडत गेले, आणि बिघाड नेहमी कोवळ्या भागातच दिसत होता: मुळांची टोके, फॅलेनॉप्सिसच्या नव्या पानाचे टोक, डेंड्रोबियमचा नुकता फुटलेला कोंब. जुनी पाने धडधाकट होती. त्याच वेळी मला यावरून काहीतरी सुचायला हवे होते.

मीटरवर माझा पूर्ण भरवसा होता, कारण दर दोन महिन्यांनी मी तो 1413 मायक्रोसीमेन्स (वीजवहनाचे एकक) च्या प्रमाणित द्रावणात तपासतो आणि त्यात तो 705 ते 710 च्या दरम्यान, म्हणजे हवा तसा निम्म्यावर, उतरतो. स्वस्तातले पेन-मीटर खोटे बोलतात असे म्हणणाऱ्यांना माझे सांगणे आहे की तपासणीचे द्रावण विकत घेतले नाही, तर महागडे मीटरही खोटेच बोलतात. माझा मीटर खरे बोलत होता. मी त्याला प्रश्न चुकीचा विचारत होतो.

पहिला धागा स्वयंपाकघरात सापडला. आई सहज म्हणाली, "हल्ली डाळ बघ कशी दोन शिट्ट्यांत मेण होते, मागे चार झाल्या तरी दाणा शाबूत." मी तुरीच्या नव्या डाळीचे कौतुक केले आणि विसरून गेलो. मग लक्षात आले की बादलीच्या तळाचा पांढरा थर वाढायचा थांबला आहे आणि अंघोळीनंतर साबण कितीही धुतला तरी अंग बुळबुळीतच वाटते. कुंड्यांतल्या कोळशावर येणारी पांढरी पुटेही दिसेनाशी झाली होती. ती माझ्या नियमित धुण्याची कमाई समजून मागच्याच नोंदीत मी स्वतःची पाठ थोपटून घेतली होती, हे इथे कबूल करणे भाग आहे.

दुसरा धागा पंपाच्या खोलीत होता. एका रविवारी पाण्याची वेळ विचारायला खाली गेलो, तर दाराआड खडे मिठाच्या सात गोणी रचलेल्या होत्या. वॉचमनला विचारले तेव्हा तो म्हणाला, "ते मशीनला लागतं साहेब, दर चार दिवसांनी." जानेवारीच्या शेवटी सोसायटीने पाण्याचा जडपणा काढणारा सॉफ्टनर बसवला होता, सूचनाफलकावर म्हणे कागदही लावला होता, पण मी लिफ्टने जातो आणि फलक जिन्यात आहे.

वर येऊन जडपणा मोजायची थेंबांची पेटी काढली. ऑक्टोबरमध्ये याच नळाचे पाणी घेतले होते तेव्हा दर्शकाची चिमूट पडताच ते वाइनसारखे लालसर झाले होते आणि निळे व्हायला सव्वीस थेंब लागले होते. एका थेंबाला 10 या हिशेबाने जडपणा लिटरला 260 मिलिग्रॅम. या वेळी चिमूट टाकली, बाटली हलवली आणि पाणी एकही थेंब न घालता निळेशार झाले. पेटी जुनी होऊन वाया गेली असेल म्हणून खाली बागेच्या नळावरून, जिथे सॉफ्टनरच्या आधीचीच वाहिनी जाते, एक बाटली भरून आणली. ते पाणी लाल झाले आणि सव्वीस थेंबांनीच निळे झाले. मग मीटर दोन्हीत बुडवला: बागेचे 430, घरातले 410. आकडे जवळजवळ सारखे, पण पाणी पूर्णपणे वेगळे.

याचे कारण शाळेत दुष्फेन आणि सुफेन पाण्याच्या धड्यात आपण सर्वांनी पाठ केले होते, फक्त ते कधी कुंडीपर्यंत पोहोचले नाही. सॉफ्टनरमधले राळेचे मणी पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्यांच्या बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुऊन त्यांना पुन्हा सोडियम चढवतात. क्षार कमी होत नाहीत, त्यांची अदलाबदल होते. मीटर विजेचे वहन मोजून त्यावरून टीडीएसचा आकडा काढतो, आणि जेवढा विद्युतभार मण्यांवर अडतो तेवढाच पाण्यात परत येत असल्यामुळे त्याला या अदलाबदलीचा पत्ताच लागत नाही. हिशेब केला तर जडपणाच्या प्रत्येक 100 मिलिग्रॅममागे लिटरभर पाण्यात 46 मिलिग्रॅम सोडियम येते. 260 ला ते 120 च्या घरात जाते. बायकार्बोनेट मात्र होते तिथेच राहते, म्हणजे मी फेब्रुवारीपासून माझ्या झाडांना खाण्याच्या सोड्याचे पातळ पाणी घालत होतो.

त्याहून वाईट गोष्ट म्हणजे कॅल्शियमचा उपास. माझ्या झाडांना कॅल्शियम फक्त नळाच्या पाण्यातून मिळत होते. 19:19:19 मध्ये ते नसतेच. कॅल्शियम पाण्याच्या ओघाबरोबर वर जाऊन जिथे बसते तिथेच राहते, जुन्या पानातून निघून नव्या टोकाच्या मदतीला येत नाही, त्यामुळे तुटवडा पडला की आधी कोवळी टोके मरतात. जुनी पाने धडधाकट का होती, याचे उत्तर हेच. त्यात नारळाच्या सोडणाचे तुकडे सोडियम धरून ठेवण्यात पटाईत, आणि मी घाबरून मार्चमध्ये नऊ कुंड्या नव्या सोडणात बदलल्या होत्या! "तीनदा धुतलेले" असे पिशवीवर छापून विकणाऱ्याचे ते तुकडे आरओच्या पाण्यात रात्रभर भिजवले, तर सकाळी मीटरने 610 दाखवले. त्या विक्रेत्याकडून यापुढे सोडण घेणार नाही, आणि कोणाकडूनही घेतले तरी पहिले भिजवणे घरीच करणार.

उपचाराला 27 एप्रिलपासून सुरुवात केली. नळाचे पाणी पूर्ण बंद करून फक्त आरओचे घेतले, तर त्याच्या 70 चे रहस्यही उलगडले: यंत्रातला टीडीएस नियंत्रकाचा लहानसा स्क्रू अर्धा उघडा होता आणि तो न गाळलेले पाणी, म्हणजे आता तेच सोडियमवाले पाणी, शुद्ध पाण्यात परत मिसळत होता. स्क्रू बंद केल्यावर आकडा 22 वर आला. पिण्यासाठी घरच्यांना ते पाणी फिके लागते, म्हणून कुंड्यांसाठी भरताना बंद आणि मग पुन्हा उघडा, अशी रोजची कसरत चालू आहे. नऊ कुंड्या लिटरला 1 ग्रॅम कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात बारा तास बुडवून ठेवल्या, म्हणजे कॅल्शियम सोडणातल्या सोडियमला हुसकावून लावते, आणि नंतर आरओच्या पाण्याने निथळणाऱ्या पाण्याचा टीडीएस 90 पर्यंत उतरेतो धुतल्या.

त्यानंतरचे खत असे: दोन पाण्यांत लिटरला पाव ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, म्हणजे साधारण 47 मिलिग्रॅम कॅल्शियम, तिसऱ्या पाण्यात चिमूटभर मॅग्नेशियम सल्फेट. दोन्ही दाट द्रावणे एकाच बाटलीत कधीही करू नयेत, तळाला जिप्समचा गाळ बसतो आणि दोन्ही वाया जातात. 19:19:19 परत आणले आहे, पण अर्ध्या मात्रेत, कारण त्यातला निम्म्याहून अधिक नत्र युरियाचा आहे आणि युरिया वीज वाहत नसल्याने मीटरला तोही दिसत नाही. मीटर काय दाखवत नाही याची माझी यादी वाढते आहे.

एसीतून ठिबकणारे पाणी कुंड्यांना चालेल का, असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर बदललेले नाही: आकडा 15 येतो हे खरे, पण ते तांबे आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवरून, धुळीवरून ओघळत येते, ते मी कुंड्यांखालच्या खड्यांच्या ताटात ओततो, मुळांना देत नाही. पाणी उकळून पाहा असे सुचवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की उकळल्याने जडपणाचा काही भाग खाली बसतो, सोडियम पातेल्यातच राहते.

काल रात्रीपर्यंत मनसुबा असा होता की कुंड्यांसाठी दुसरा छोटा आरओ घ्यायचा. उन्हाळ्यात चौतीस कुंड्यांना रोज आठ लिटर लागतात आणि त्यासाठी आमचे यंत्र वीस-बावीस लिटर पाणी मोरीत सोडते, हे बघवत नाही. सध्या ते फरशी पुसायला जाते. पण वरचा बागेच्या नळाचा परिच्छेद लिहिता लिहिता डोक्यात आले की जे कॅल्शियम मी पुडीतून विकत आणतो आहे, ते खाली फुकट वाहते आहे. बागेचे एक लिटर आणि आरओचे चार लिटर घेतले, तर टीडीएस 104 आणि जडपणा 52 होईल, मॅग्नेशियमही त्यातच येईल आणि बायकार्बोनेट पाचव्या हिश्श्यावर येईल. आरओचे पाणीही रोज दीड लिटरने कमी लागेल. त्यामुळे दुसऱ्या आरओचा विचार तूर्त बाजूला ठेवला आहे. नऊ कुंड्यांपैकी पाच या नव्या मिश्रणावर आणि चार कॅल्शियम नायट्रेटवर, असे चार आठवडे चालवून पाहीन. पाऊस लागला की तुलना बिघडेल, म्हणून त्या नऊही कुंड्या छताखालीच राहतील.

बाकीच्या पंचवीस कुंड्यांसाठी गच्चीवर दोन चौरस मीटरचे प्लास्टिक ताणून खाली निळे पिंप ठेवणार आहे. 10 मिलिमीटर पाऊस झाला तरी वीस लिटर पाणी जमते. पहिल्या दोन सरींचे पाणी सोडून द्यायचे आणि पिंपाच्या तोंडाला दुहेरी मलमल घट्ट बांधायची, नाहीतर डासांच्या अळ्या सापडल्या म्हणून महापालिकेची माणसे दारात उभी राहतील. मागच्या जुलैत असे साठवलेल्या पाण्याचा टीडीएस 12 भरला होता.

आता मिळकत. आज, 17 मे, उपचाराचा एकविसावा दिवस. सकाळी पाणी देण्याआधी भिंग घेऊन व्हँडाची मुळे एकेक करून तपासली. मोठी चार मुळे टोकाला काळवंडून बंद झाली आहेत, ती पुढे सरकणार नाहीत. पण त्यांतल्या तिसऱ्या मुळाच्या बाजूने, टोकाच्या बोटभर मागे, पांढरे आवरण फाडून एक फाटा निघाला आहे. पट्टी लावून मोजला: तीन मिलिमीटर, आणि टोक ओल्या मुगासारखे हिरवे. आईला दाखवायला बोलावले. तिने भिंगातून पाहिले, "एवढंच?" म्हणाली आणि डाळीला परत जुने पाणी लावणार नाहीस ना, याची माझ्याकडून खात्री करून घेतली.