मिसिंग: कॉइल विकत घेण्याआधी तिची जागा बदलून बघा

कात्रजच्या घाटात तिसऱ्या गिअरवर गाडी हिसके देते, सिग्नलला उभी केली की थरथरते, चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. हेच मिसिंग: एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, आणि संशय जातो तो स्पार्क प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देणाऱ्या कॉइलवर. पावसाळा लागला की अशा गाड्या वाढतात. दिवा नुसता पेटलेला नसून लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं, आणि त्यापुढे कॉइलचा खर्च म्हणजे चिल्लर.

इथलं सगळं दर सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असलेल्या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाबद्दल आहे. आधी गाडीतले दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर लावा. पी०३०२ म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिस होतोय, पी०३०३ म्हणजे तीन नंबरचा. पी०३०० आला तर दोष एका सिलिंडरपुरता नाही.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग खोलला तर आटे उपसून येतात. किल्ली बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. कॉइलच्या वायरीचा कनेक्टर लॉक दाबूनच काढा, वायरीला धरून ओढू नका. जुन्या गाडीत ते प्लास्टिक बिस्किटासारखं तुटतं. कॉइलचा बोल्ट बहुतेक गाड्यांत दहाच्या गोटीने निघतो. मग कॉइल किंचित डावीउजवीकडे फिरवून सैल करा आणि सरळ वर ओढा. तिरकी ओढली की प्लगवर बसणारं तिचं रबरी बूट आतच राहतं. प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून नंबर टाका.

आता प्लगच्या विहिरीत, म्हणजे प्लग ज्या खोल भोकात बसतो तिथे, टॉर्च मारा. तेल दिसलं तर टॅपेट कव्हरचं सील गेलंय, ते न बदलता नवी कॉइल बसवली तर तीही त्याच तेलात भिजेल. पाणी किंवा गंज दिसला तर बहुधा कोणीतरी इंजिनवर प्रेशरने पाणी मारलंय. प्लग खोलण्याआधी विहिरीत हवा मारा, नाहीतर तिथली माती थेट सिलिंडरमध्ये पडते.

खरी चाचणी फुकटची आहे. दोन नंबरची कॉइल तीनवर, तीनची दोनवर. बाकी कशालाही हात लावायचा नाही. कोड पुसा, गाडी चालवा. पी०३०२ चा पी०३०३ झाला, तर कॉइल दोषी. कोड जागेवरच राहिला तर याच पद्धतीने प्लगची अदलाबदल करा. तरीही हलला नाही तर कनेक्टरच्या वायरी, इंजेक्टर आणि कॉम्प्रेशनकडे वळा. एका वेळी दोन गोष्टी हलवल्या की उत्तर हाती लागत नाही.

मल्टीमीटरवर फार विसंबू नका. दोन पिनांच्या कॉइलमध्ये प्रायमरीचा (आतल्या पहिल्या गुंडाळीचा) रोध साधारण ०.५ ते २ ओहम मिळतो, पण तीन-चार पिनांच्या कॉइलमध्ये आतच इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, तिथे या आकड्याला अर्थ नाही. शिवाय गार असताना बरोबर आकडा दाखवणारी कॉइल तापल्यावर दगा देते. प्लग इंजिनला टेकवून ठिणगी बघणं तर त्याहून फसवं. उघड्या हवेत ठिणगी सहज पडते, सिलिंडरमधल्या दाबाखाली तिला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं.

म्हणूनच सीएनजीवर मिसिंग आणि पेट्रोलवर गाडी ठणठणीत, असं दिसलं तर आधी इग्निशनवर संशय घ्या. सीएनजी पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, अशक्त कॉइल तिथे आधी उघडी पडते.

प्लगच्या चिनीमातीवर पेन्सिलने ओढल्यासारखी उभी काळी रेघ असेल तर ठिणगी बाहेरूनच पळत होती. प्लग आणि बूट दोन्ही बदला. प्लगच्या टोकांमधला गॅप फिलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) मोजा, बऱ्याच गाड्यांत ०.८ ते १.१ मिमी असतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. इरिडियमच्या प्लगचं टोक मात्र वाकवायच्या भानगडीत पडू नका. प्लग झिजला की गॅप वाढतो, कॉइलवरचा ताण वाढतो आणि तिचं इन्सुलेशन फुटतं. जुन्या प्लगवर नवी कॉइल बसवून ‘कंपनीचा माल पूर्वीसारखा राहिला नाही’ म्हणणारे कमी नाहीत! नाना पेठेत प्लग घ्यायला जाताना गाडीचं नाव नव्हे, प्लगचा पूर्ण नंबर लिहून न्या.

बसवताना प्लग आधी हातानेच फिरवा, आटे बरोबर पकडू द्या. वॉशरचा नवा १४ मिमी आट्यांचा प्लग २५ ते ३० न्यूटन मीटरला आवळतात. टॉर्क पाना नसेल तर टेकल्यावर अर्धा ते पाऊण फेरा. १२ मिमीच्या बारीक प्लगला त्याहून कमी जोर लागतो. बुटात आतून थोडं डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारं) ग्रीस लावा, कॉइल ‘टक्’ बसेपर्यंत दाबा.

मग कोड पुसून गाडी चढावर न्या. सपाट रस्त्यावर रमतगमत चालवून हा दोष कळत नाही. वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमला ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि तेव्हाच कच्ची कॉइल बोलते.