गाठ गेली नाही, लहान झाली

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू असोत की लेडीज डब्यातली अनोळखी बाई, प्रश्न एकच: "पिशवी न काढता तुमची गाठ गेली कशी?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. गर्भाशयातली ती फायब्रॉइडची गाठ गेलेली नाही. आहे तिथेच आहे, लहान झाली आहे, आणि अंगावरून जाणं आटोक्यात आलं आहे.

तेव्हा मी 46 वर्षांची. पाळीच्या दिवसांत ठाणे स्टेशनचा पूल चढताना दोनदा थांबायचे. हिमोग्लोबिन 7.8, सोनोग्राफीत 7 सेंटीमीटरची गाठ. पहिल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मुलं झालीत ना? मग काढून टाकू पिशवी." जुनी सोफ्याची गादी टाकायची असावी अशा सुरात. ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिडच्या गोळ्यांनी रक्त कमी जायचं, पण गाठीला त्याचं काही नव्हतं.

मला हवं होतं ते हायफू. यात पोटाला कुठेही न कापता ध्वनिलहरी गाठीतल्या एका ठिकाणी एकवटतात, तिथली उष्णता साधारण 60 अंशांच्या वर नेतात आणि तेवढ्या पेशी मरतात. एमआरआयमध्ये पालथं झोपवून हे करणाऱ्या यंत्राला अमेरिकेत 2004 मध्येच मान्यता मिळाली, म्हणजे हे कालचं खूळ नव्हे. पण माझी दोन्ही बाळंतपणं सिझेरियनची. जुन्या व्रणापाशी कातडी भाजण्याची भीती, त्यात आतड्याचं वेटोळं नेमकं वाटेत. एमआरआय पाहून डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. घोडबंदर रोडवरून घरी येईपर्यंत मी रिक्षात एक शब्द बोलले नाही.

मग एम्बोलायझेशन केलं. मनगटातल्या धमनीतून बारीक नळी गर्भाशयाच्या धमन्यांपर्यंत नेली आणि वाळूसारखे कण सोडून गाठीचा रक्तपुरवठा तोडला. टाका एकही नाही, पण शरीरात नळी शिरतेच, तेव्हा याला "काहीच न करता" म्हणू नका. आणि दुखत नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. पहिली रात्र मी बाळंतपणाच्या कळा आठवत काढली, पुढे चार दिवस कणकण होती. सहा महिन्यांनी गाठ साडेपाच सेंटीमीटर झाली. दीडच सेंटीमीटर, म्हणून नवरा नाराज. आमच्या मुलीने वहीवर घन करून दाखवला: आकारमान निम्म्यावर आलं होतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन उतरेल तशी ती आणखी आक्रसेल, तोवर वर्षातून एकदा सोनोग्राफी.

काकू, तुमच्या सुनेला मात्र माझा कित्ता नको. तिला मूल हवंय, आणि अशा वेळी एम्बोलायझेशन सहसा पहिला पर्याय नसतो. तिच्या रिपोर्टमध्ये "सबम्युकोजल", म्हणजे पिशवीच्या आतल्या अस्तराखालची गाठ, असं लिहिलं आहे का, ते आधी बघा. असेल, आणि गाठ फार मोठी नसेल, तर ती खालच्या मार्गाने दुर्बिणीतून, पोटाला हात न लावता काढता येते. रिपोर्ट घेऊन संध्याकाळी या, चहा टाकते.