बसल्या जागी जेवणारा

काश्मिरातल्या लिडर नदीच्या पाण्यावर भरदुपारी एक वलय उमटतं आणि मधोमध बुडबुडा राहतो. बुडबुडा राहिला म्हणजे ट्राउट माशाने पाण्यावरचीच माशी टिपली. तिच्याबरोबर तोंडात गेलेली हवा कल्ल्यांतून बाहेर आली. बुडबुडा नाही, नुसतंच पाणी फुगलं आणि पाठीचा पर दिसला, तर तो पृष्ठभागाच्या जरा खाली अळ्या खातोय. हौशी गळवाले नेमके इथेच फसतात, गळाला वर तरंगणारी नकली माशी लावून टाकत बसतात आणि माशाला नखरेल ठरवतात.

नखरेल कसला, हिशेबी आहे. विलायतेहून अंडी आणून हा ब्राऊन ट्राउट 1900च्या सुमारास काश्मिरात वसवला गेला. त्याचं जेवण म्हणजे पंगत: आपण उठायचं नाही, वाढप समोरून जायला हवं. दगडाच्या आडोशाला, जिथे वेगवान धार आणि संथ पाणी एकमेकांना घासतात त्या रेषेवर तो थांबतो. अंग संथ पाण्यात, तोंड उगमाकडे, नजर धारेवर. जवळून गेलेली अळी सरकून टिपतो, फार लांबची सोडून देतो. मिळण्यापेक्षा पोहण्यात जास्त खर्च झाला तर व्यवहार आतबट्ट्याचा. मोक्याची जागा अर्थात सगळ्यात दांडग्याची.

खाणं बहुतेक पाण्याखालचंच: मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिस या पाण्यात वाढणाऱ्या कीटकांच्या अळ्या. कॅडिसची अळी वाळूचे कण, काटक्यांचे तुकडे रेशमाने चिकटवून अंगाभोवती नळी करते. ट्राउट ती घरासकट गिळतो. पोट फाडलं की मुठीत खडी येते ती त्यामुळे. अंधार पडताना अळ्या दगडांवरून सुटून जास्त वाहू लागतात, म्हणून तिन्हीसांजेला त्याची खरी चंगळ. उन्हाळ्यात काठच्या गवतातून मुंग्या आणि नाकतोडे पडतात, तेही चालतात. अंगाने मोठा झाला की तो लहान मासे धरतो. त्यात स्वतःच्या जातीची पिल्लंही आली.

पहलगामच्या हॉटेलात आपली मंडळी चवीने खातात तो बहुधा हौदात गोळीखाद्यावर वाढलेला रेनबो, म्हणजे ट्राउटचीच दुसरी जात. त्याला यातलं काही करावं लागत नाही.

पाणी 19-20 अंशांच्या वर गेलं की मात्र ब्राऊन ट्राउट खाणं टाकतो. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी आणि अंगाची गरज जास्त. अशा वेळी गळ टाकू नये. धरून सोडलेला मासाही पुष्कळदा वाचत नाही.