मार्चमधलं सोलापूर: कोरडं ऊन आणि माळावरचं वारं

सोलापूरला जायचं तर जानेवारीत, असं बहुतेक जण सांगतात. सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, हुरडा, गुलाबी थंडी हे सगळं तेव्हाच असतं. पण माझं मत विचाराल तर शिमगा उरकल्यावरचे आणि पाडव्याआधीचे दिवस साधावेत. ऊन कडक असतं, पण हवेत ओल नसते आणि वारं सुटलेलं असतं. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या माणसाला 36-37 अंश म्हटलं की घामाच्या धारा आठवतात. इथे त्याच आकड्याला सावलीत बसलं की बरं वाटतं.

यंदा आम्ही मामाकडे उतरलो होतो. हा भाग वाळवंट नाही. खाली काळी कसदार जमीन आहे आणि मधेमधे मुरमाड माळ. पण सह्याद्री ओलांडेपर्यंत पावसाचे ढग घाटावरच बरेचसे रिते होतात आणि सोलापूरच्या वाट्याला वर्षाकाठी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर येतो, तोही बेभरवशाचा. त्यामुळे मार्चमध्ये आभाळ स्वच्छ, गवत वाळून पिवळं आणि हवा कोरडीठाक.

इथला दिवस वाऱ्याच्या वेळेवर बेतावा. पहाटे वारं पडलेलं असतं आणि गारवा असतो, पारा विशीच्या आसपास. आभाळ निरभ्र असल्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्रीतून भराभर निवते. ऊन चढलं की तीच जमीन तापते, हवा वरखाली घुसळायला लागते आणि वरच्या थरातलं जोराचं वारं खाली उतरतं. म्हणून दहा-अकराला झुळुका आणि दुपारी भणाणतं वारं. नांगरलेल्या रानात तर वावटळीच उठतात.

म्हणून नान्नजचं माळढोक अभयारण्य उजाडताच गाठा. बार्शी रस्त्यानं शहरापासून वीसेक किलोमीटर. प्रवेशाची वेळ आणि परवानगी वनखात्याकडे आदल्या दिवशीच विचारून ठेवा. माळढोक दिसेल या आशेवर मात्र जाऊ नका. हा पक्षी देशातूनच नाहीसा व्हायच्या बेतात आहे आणि त्याचं वाईट वाटल्याशिवाय हा माळ पाहताच येत नाही. काळवीट मात्र भरपूर. आम्हाला एक कळप अगदी जवळून दिसला, पुढे काळाकुळकुळीत नर. धाविक पक्ष्याची जोडी मुरमातून तुरुतुरु पळत होती आणि चंडोल हवेत उंच जाऊन गात होता. हे सगळं नऊच्या आत. ऊन तापलं की जमिनीवरची हवा लहरायला लागते, दुर्बिणीतून काहीच नीट दिसत नाही आणि प्राणीही बाभळीच्या सावलीला जातात. पायात बूट आणि जाड कापडाची विजार हवी, नाहीतर कुसळं मोज्यांत घुसून हैराण करतात. आणि एक कळकळीची विनंती: माळावर विडी-काडी अजिबात नको. वाळलेलं गवत आणि हे वारं एकत्र आलं की वणवा आवरत नाही, आणि माळावरच्या पक्ष्यांची अंडी जमिनीवरच असतात.

परतताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, काढणी चाललेली होती. कुठे कणसं मोडत होते, कुठे मळणी, कुठे कडब्याच्या गंजी रचणं चालू. इथला मालदांडी शाळू रब्बीत फक्त जमिनीतल्या ओलीवर येतो, आणि तो वाळायला हीच कोरडी हवा लागते. मामा सांगत होते, मळणीयंत्र यायच्या आधी माणसं खळ्यावर तिवईवर उभी राहून उफणणी करायची, म्हणजे वरून धान्य ओतून भुसा वाऱ्यावर उडवायची, आणि त्यासाठी दुपारच्या वाऱ्याची वाट बघत बसायची. वारं पडलं की काम थांबलं. घरी मामींनी नव्या शाळूची भाकरी, शेंगाची चटणी आणि दही वाढलं. गच्चीवर कुरडया आणि सांडगे वाळत होते. "वारं आहे तोवर उलटून घे की गं," असं म्हणत त्यांनी मलाही कामाला लावलं. सकाळी घातलेल्या कुरडया संध्याकाळी कडकडीत झाल्या होत्या. कडक भाकरी महिनोन्‌महिने टिकते तीही अशाच हवेत.

दुपारी बारा ते चार घरात राहावं. एसीची गरजच पडली नाही. कोरड्या हवेत पाणी झपाट्यानं उडतं, त्यामुळे माठ आणि कूलर इथे मनापासून काम करतात. राहायची खोली घेताना कूलर आणि समोरासमोर खिडक्या आहेत का, एवढं बघा.

दुसऱ्या सकाळी हत्तरसंग कुडलला गेलो. दक्षिणेला चाळीसेक किलोमीटरवर भीमा-सीनेचा संगम. संगमेश्वराच्या देवळातला शके 940 चा, म्हणजे 1018 सालचा, मराठी शिलालेख आणि जवळच्याच हरिहरेश्वराच्या देवळातलं शेकडो मुखं कोरलेलं शिवलिंग बघताना वेळेचं भान राहत नाही. पण दहाच्या आत आटपा; अनवाणी चालताना फरशी पोळते. संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाचा काठ आणि भुईकोट किल्ल्याची बाजू. पाण्यावरून येणारं वारं तिथे खरोखर गार लागतं.

आता जपायचं कशाला, ते. या हवेत घाम येतो तसा उडून जातो, अंग ओलं होत नाही. म्हणून किती पाणी गेलं ते कळतच नाही आणि दुपारनंतर एकदम डोकं चढतं. तहान लागायची वाट न बघता घोट घोट पीत राहा. ताक किंवा मीठ-साखर घातलेलं लिंबाचं सरबत सोबत ठेवा. माझ्या भाच्याचा घोळणा फुटला. घाबरू नका, पण मुलांच्या नाकपुड्यांना आतून खोबरेल तेलाचं बोट फिरवत जा, ओठांना तूप. लेन्स वापरणाऱ्यांनी चष्मा घ्यावा, धूळ फार असते. अंगात सैल, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि डोक्याला पंचा. पहाटेसाठी एखादी पातळ शाल हवीच.

पुण्याहून रेल्वेनं चार तासांच्या आसपास लागतात. गाडीनं यायचं तर महामार्ग सरळ आहे, पण दुपारची वेळ टाळा. महिनाअखेरीस वळवाचे ढग यायला लागतात. काळं भरून आलं की माळावरून आणि एकट्या झाडाखालून ताबडतोब निघा, वीज पडते. एप्रिल मध्यावर आला की पारा चाळिशी ओलांडतो आणि वारंही पोळतं, तेव्हा लहान मुलं किंवा वयस्क बरोबर असतील तर पाडव्याच्या आतलीच तिकिटं काढा.