छातीचा सीटी: डायचा आलेख वर चढलाच नाही तर?

छातीत कळ, दरदरून घाम आणि ईसीजीवर एसटी हा भाग वर उचललेला (हार्ट अटॅकची खूण), असा रुग्ण सहसा सीटीला न्यायचा नाही, थेट कॅथलॅबला, म्हणजे अडलेली धमनी उघडायच्या खोलीत. मशीन हाताशी असलं की ‘एकदा काढून घेऊ’ असं वाटतं, पण त्या वेळात हृदयाचा स्नायू मरत जातो. कळ पाठीत उतरत असेल, दोन हातांच्या बीपीत 20 हून जास्त फरक असेल, किंवा ईसीजी आणि रुग्णाची अवस्था जुळत नसेल, तेव्हा मात्र सीटी हवाच.

महाधमनीच्या भिंतीचा आतला थर फाटल्याचा संशय असेल तर घाईतही प्लेन, म्हणजे डाय (रक्तवाहिन्या उजळवणारं औषध) देण्याआधीचा, स्कॅन सोडू नका. भिंतीत साकळलेलं रक्त प्लेनमध्ये पांढऱ्या कोरीसारखं, साधारण 60 ते 70 हाउन्सफील्डचं (सीटीवर घनता मोजायचं एकक, पाणी म्हणजे 0) दिसतं. डाय गेल्यावर ते शेजारच्या झगमगाटात हरवतं. डायसाठी कॅन्युला (शिरेत बसवायची नळी) 18 नंबरची, उजव्या कोपरात. डावीकडून दिली तर कमानीसमोरून जाणाऱ्या शिरेतल्या दाट डायच्या रेषा नेमक्या बघायच्या जागेवर पडतात. 70-80 मिली डाय सेकंदाला 4-5 मिलीने, मागोमाग 40 मिली सलाइन. ईसीजी गेटिंग (ठोक्याशी जुळवून चित्र घेणं) शक्य असेल तर कराच, कारण महाधमनीच्या धडधडणाऱ्या मुळाशी दुहेरी कड उमटते आणि ती हुबेहूब फ्लॅपसारखी, म्हणजे फाटून सुटलेल्या आतल्या थरासारखी दिसते.

आता कन्सोलवरचा आलेख: निवडलेल्या जागी डाय पोचला की रेषा वर चढते आणि स्कॅन सुरू होतो. उतरत्या महाधमनीत मोजायचं वर्तुळ ठेवलं, इंजेक्टर सुरू झाला, तरी रेषा सपाटच. आधी हात बघा: डाय त्वचेखाली गेला का, नळी सुटली का? मग चित्र बघा: वर्तुळ खोट्या पोकळीत (फाटीमुळे भिंतीत झालेल्या) पडलं असेल तर शेजारची खरी पोकळी उजळलेली असते, स्कॅन हाताने सुरू करा. पण डाय वरच्या महाशिरेत आणि उजव्या कप्प्यातच थबकला असेल, खाली यकृताच्या शिरांत उतरून पाठीच्या बाजूला साचत असेल, तर हृदय पंप करत नाहीये. ‘अजून दहा सेकंद थांबू’ म्हणायचं नाही. टेबल बाहेर, नाडी बघा, लागली नाही तर लगेच सीपीआर.

हृदयाभोवतीचं पाणी 0 ते 20 हाउन्सफील्डचं असतं. 30 च्या पुढे रक्त धरून चाला. सोबत खालची महाशीर फुगलेली आणि उजवा कप्पा चेपलेला असेल तर रिपोर्ट टाइप करत बसू नका, फोन उचला. फुप्फुसाच्या धमनीत गुठळी सापडली की उजव्या-डाव्या जवनिकांची (हृदयाच्या खालच्या कप्प्यांची) रुंदी मोजा. उजवी मोठी आणि मधला पडदा डावीकडे झुकलेला, म्हणजे उजव्या हृदयावर ताण आहे.

सुरगाणा-पेठहून नाशिकला येणाऱ्याचा बराच वेळ रस्त्यातच गेलेला असतो. शस्त्रक्रियेसाठी मुंबईला हलवायचं ठरलं तर पुढे कसारा घाटासकट सुमारे 170 किलोमीटर. म्हणून गाडी निघण्याआधीच तिकडच्या सर्जनला सांगा: फाट चढत्या भागात आहे का, हृदयाभोवती रक्त आहे का, मेंदूच्या, आतड्याच्या आणि किडनीच्या धमन्या कुठल्या पोकळीतून भरतात. आणि नुसत्या फिल्म देऊ नका, पातळ काप असलेली सीडी द्या. नाहीतर तिथे पुन्हा स्कॅन, पुन्हा डाय.