संघात नाव नसलेली मुलगी

‘पुरेशा मुलींची नावे आली नाहीत, म्हणून यंदा मुलींचा संघ नाही,’ हे वाक्य मी सातवीत असताना सोलापुरातल्या माझ्या शाळेच्या मैदानावर ऐकले होते. गेल्या रविवारी तेच कारण एका अमेरिकी चित्रपटाच्या सुरुवातीला कानावर आले आणि मी जागच्या जागी सावरून बसले. शेजारी माझी तेरा वर्षांची भाची होती. ती खो-खो खेळते, केस बारीक ठेवते आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी मावशीकडे येऊन काहीतरी पाहायचे, हा तिचा हक्काचा कार्यक्रम आहे. त्या दिवशी तिने निवडलेला चित्रपट होता 2006 सालचा ‘शीज द मॅन’.

कथा थोडक्यात अशी. व्हायोला फुटबॉल खेळते. तिच्या शाळेतला मुलींचा संघ बंद होतो, तेव्हा ती मैत्रिणींसह मुलांच्या संघाच्या चाचणीला येऊ द्यावे, अशी विनंती करते आणि प्रशिक्षक ती हसण्यावारी नेतात. तिचा जुळा भाऊ सेबास्टियन गाण्याच्या नादात दोन आठवडे लंडनला जातो. त्याची नवी शाळा इलिरिया, त्याची खोली आणि त्याचे नाव, असे सगळेच मोकळे पडलेले असते. व्हायोला टोप आणि कल्ले लावून त्याच्या जागी दाखल होते, कारण इलिरियाच्या संघातून खेळून तिला आपल्या जुन्या शाळेच्या मुलांना हरवायचे असते. पुढचा गोंधळ शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’वर बेतलेला आहे. व्हायोला खोलीतल्या जोडीदारावर, म्हणजे ड्यूकवर, प्रेम करू लागते, ड्यूकला ऑलिव्हिया हवी असते आणि ऑलिव्हिया या ‘मुलावर’च भाळते.

हे वेषांतर कोणाला खरे वाटेल, असा आक्षेप या चित्रपटावर सहज घेता येतो, पण मला तो पटत नाही. ‘ट्वेल्फ्थ नाइट’ 1602 च्या फेब्रुवारीत लंडनमध्ये रंगला, तेव्हा इंग्लंडच्या व्यावसायिक रंगभूमीवर स्त्रियांची कामे मुलगेच करीत असत. म्हणजे मुलगा मुलगी झाला होता आणि ती मुलगी नाटकात पुन्हा मुलाचा वेष घेत होती. आपल्याकडे नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, शालू नेसून रंगमंचावर आले की समोर पुरुष उभा आहे, हे ठाऊक असूनही प्रेक्षक त्यांना भामिनी किंवा रुक्मिणी म्हणून स्वीकारीत. ज्या भाषेच्या रंगभूमीला असा वारसा आहे, तिच्या प्रेक्षकाला चिकटवलेल्या कल्ल्यांची अडचण वाटू नये. फसायचे असते ते पात्रांनी. प्रेक्षकाला सारे ठाऊक असते आणि त्यातूनच हसू येते.

व्हायोलाचे काम करणाऱ्या अमांडा बाइन्स यांनी हे वेषांतर फार मनापासून केले आहे. आवाज खाली ओढणे, खांदे पुढे टाकून चालणे, आणि बॅगेत मासिक पाळीची वस्तू सापडल्यावर ‘माझा घोळणा फुटतो, त्यासाठी आहे’ असे सांगून ती नाकात घालून दाखवणे, हा सारा प्रकार त्या क्षणभरही न डगमगता करतात. आमच्या भागातले औषध दुकानदार आजही ती वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून देतात. भाची त्या प्रसंगाला मोकळेपणाने हसली, याचे मला समाधान वाटले. पुढे 2018 मध्ये बाइन्स यांनी एका मुलाखतीत सांगितले की, पडद्यावर स्वतःला मुलाच्या रूपात पाहून त्या कित्येक महिने नैराश्यात गेल्या होत्या. हे वाचल्यापासून त्यांच्या या कामाविषयी माझ्या मनात आदर आहे आणि थोडी हळहळही आहे.

एका ठिकाणी मात्र हा चित्रपट मला खटकतो. ‘सेबास्टियन’ला मुलांमध्ये मान मिळावा म्हणून व्हायोलाच्या मैत्रिणी उपाहारगृहात येऊन त्याच्यामागे वेड्या झाल्याचे नाटक करतात. त्याच जागी सेबास्टियनच्या खऱ्या मैत्रिणीला सगळ्यांसमोर झिडकारले जाते आणि मुले टाळ्या वाजवतात. मुलींना मैदान मिळावे म्हणून सुरू झालेल्या गोष्टीत एका मुलीचा पाणउतारा हीच मुलांच्या कौतुकाची किंमत ठरते. हा प्रसंग गाळला असता तरी कथेचे काही बिघडले नसते.

पण ज्या कारणासाठी मी हे लिहायला बसले, ते वेगळे आहे. इलिरियाच्या चाचणीत व्हायोलाला थेट पहिल्या संघात जागा मिळत नाही, तिला दुसऱ्या फळीत टाकतात. मुलगी म्हणून नव्हे, कारण ती मुलगी आहे हे तिथे कोणालाच ठाऊक नसते. तिचा खेळ अजून तेवढा तयार नसतो म्हणून. मग ड्यूक तिला शिकवतो, ती घाम गाळते आणि खेळाच्या बळावर पहिल्या संघात येते. मुलीला संधी द्या असे म्हणताना तिला आधीच सर्वश्रेष्ठ दाखवण्याचा मोह बहुतेक कथांना होतो. संधीचा साधा अर्थ असा की, कमी पडण्याची आणि मग सुधारण्याची मुभा मिळावी. ती मुभा जुन्या शाळेने व्हायोलाला नाकारली होती; आपण मुलांपैकी निम्म्यांहून सरस आहोत, असे तिला खासगीत सांगणारा तिचा कर्णधार मित्रही प्रशिक्षकांसमोर उलटला होता.

आमच्या शाळेत त्या वर्षी सात मुलींची नावे आली होती. खो-खोच्या संघाला तेव्हा बारा लागत, आठ जणी पाटीवर बसतात आणि नववी पाठलाग करते, त्यामुळे हिशेब चुकीचा नव्हता. नावे सातच का आली, हे मात्र कोणी विचारले नाही. सराव पहाटे सहाला असे, आखूड चड्डी घालायला बहुतेक घरांतून परवानगी नसे आणि मुलींना कपडे बदलायला खोली नव्हती. मुलांचा सराव चालूच राहिला. मी भिंतीशी उभी राहून पाहत असे. एका संध्याकाळी त्यांच्यातला एक गडी आला नाही आणि सरांनी मला हाताने खूण केली. फक्कीने आखलेल्या चौकोनात मी उकिडवी बसले, समोरच्या बाजूच्या रेषेवर नजर ठेवली आणि पाठीवर थाप पडून ‘खो’ कानावर आला, तेव्हा सुटताना डावा गुडघा काळ्या मातीत खरवडला गेला. त्या डावात मी एक गडी सूर मारून टिपला. दुसऱ्या दिवशी नेहमीचा मुलगा परत आला आणि मी पुन्हा भिंतीशी गेले.

अशा गोष्टी पडद्यापुरत्या नसतात. क्रिकेटपटू शफाली वर्मा लहानपणी केस कापून, आजारी भावाच्या जागी पानिपतला मुलांच्या स्पर्धेत खेळली होती आणि कोणाला ओळखू आली नव्हती. तीच शफाली 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात 87 धावा करून आणि 2 बळी घेऊन सामन्याची मानकरी ठरली. आमच्याच सोलापूर जिल्ह्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे हिने 2022 मध्ये नागालँडकडून खेळताना टी-ट्वेंटी सामन्यात नाबाद 162 धावा केल्या आणि त्याच वर्षी ती भारताकडून खेळली. तिला वेष बदलावा लागला नाही, राज्य मात्र बदलावे लागले.

चित्रपटाच्या शेवटी व्हायोला स्वतःच्या नावाने मैदानात उभी राहते. समोरच्या संघाचे प्रशिक्षक नियमपुस्तिका पुढे करतात आणि इलिरियाचे प्रशिक्षक, मुलगा-मुलगी हा भेद आमच्याकडे चालत नाही असे सांगून, ती फाडून टाकतात. माझे डोळे भरून आले. हा प्रसंग भाचीला पुन्हा पाहायचा असेल असे वाटून मी रिमोट उचलला, तर तिने माझा हात धरला.

“ते नको मावशी. तो तिला शिकवतो ना, ते सरावाचं परत लाव की.”

मी मागे जाऊन तो भाग लावला. ती सोफ्यावरून उतरून दूरचित्रवाणीच्या अगदी समोर, एक गुडघा उभा ठेवून बसली आणि व्हायोलाचे पाय पाहू लागली.