दूधसागर: फोटोतला पावसाळा आणि जीपचा हंगाम

पुलावरून जाणारी रेल्वे आणि मागे डोंगरभर फेसाळलेलं पाणी, या फोटोवर गोव्यातल्या दूधसागर धबधब्याची सहल विकली जाते. फोटो जुलै-ऑगस्टचा. कुळे गावातून धबधब्याकडे नेणाऱ्या जीप नेमक्या तेव्हाच बंद असतात, कारण वाटेतले ओढे चढलेले असतात. त्या सुरू होतात ऑक्टोबरच्या सुमारास. पुढे दर महिन्याला पाणी घटत जातं आणि एप्रिल-मेमध्ये 310 मीटरच्या कातळावर चारदोन धारा उरतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर गाठा, मार्चनंतर जाणं म्हणजे पैसे वाया.

पावसाळ्यात रुळांवरून चालत जायचा बेत सोडा. रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. 2023 च्या जुलैत पकडलेल्यांना रुळांशेजारी उठाबशा काढायला लावल्या होत्या. धबधब्याचं पावसाळी रूप बघायचंच असेल तर कर्नाटकातल्या कॅसल रॉक ते कुळे हा घाट उजेडात उतरणाऱ्या गाडीचं तिकीट काढा.

किनाऱ्यावरच्या एजंटाचं 'मसाल्याची बाग, जेवण आणि दूधसागर' पॅकेज घेऊ नका. दिवस बसमध्ये जातो आणि धबधब्याला उरतो तो उरलासुरला वेळ. थेट कुळे गाठा, तेही सकाळी लवकर. शनिवार-रविवारी उशिरा येणारे रांगेतच राहतात. जीप सात जणांची असते, दोघेच असाल तर सीट भरेपर्यंत थांबावं लागतं. जीपभाडं, अभयारण्याचं प्रवेश शुल्क आणि लाइफ जॅकेट यांचे पैसे वेगवेगळे विचारून घ्या. एकच गोल आकडा सांगितला की समजा, वर काहीतरी चढवलंय.

जीपचा रस्ता हाडं खिळखिळी करतो, पण खरी परीक्षा शेवटच्या किलोमीटरभर पायवाटेची. शेवटी तर नुसते गुळगुळीत धोंडे. कोरडं ऊन असलं तरी ते ओलेच, कारण धबधब्याखालच्या डोहातून परतणारा प्रत्येक जण त्यांवर पाणी निथळवत जातो. चप्पल आणि क्रॉक्स सपशेल नापास. खोल खाचांच्या रबरी तळव्याचे, भिजले तरी चालतील असे बूट घाला, दोन्ही हात मोकळे ठेवा आणि मोबाइल बॅगेत टाका. गुडघे दुखणाऱ्यांनी अलीकडूनच बघावं, तिथूनही धबधबा छान दिसतो.

खाण्याची पिशवी हातात दिसली की माकडं ओढतात. वर तास-दीड तासच मिळतो आणि परत त्याच जीपने यायचं असतं. जीपमधून उतरताना तिच्या नंबरचा फोटो काढा, सगळ्या सारख्याच दिसतात.